अणुऔष्णिक अग्निबाण

अणुऔष्णिक अग्निबाणात इंधनाचे ज्वलन होत नाही. अणुभट्टीतील युरेनियमच्या विखंडनाची उष्णता द्रवरूप हायड्रोजनला दिली जाते व तापलेला वायू प्रचंड वेगाने बाहेर पडून यानाला रेटा देतो. हायड्रोजन अत्यंत हलका असल्याने तेवढ्याच वजनाच्या द्रव्यापासून रासायनिक अग्निबाणाच्या जवळजवळ दुप्पट आवेग मिळतो. मंगळप्रवासासाठी म्हणूनच या तंत्राचा विचार होतो.

अमेरिकेने १९५५ मध्ये ‘रोव्हर’ प्रकल्प सुरू केला. १९६१ मध्ये त्याला ‘नर्व्हा’ची जोड मिळाली. नेवाडाच्या वाळवंटात १९६८ साली ‘फीबस-२ए’ या भट्टीने सुमारे १२ मिनिटे ४,००० मेगावॉटहून अधिक शक्ती दिली.

मुख्य अडचण पदार्थांची होती. उणे २५३ अंश सेल्सिअसचा हायड्रोजन भट्टीतून जाताना २,००० अंशांपलीकडे तापतो आणि इंधनकांड्यांतील ग्राफाइट झिजवतो. त्यावर नायोबियम कार्बाइडचा लेप दिला गेला. परंतु दोहोंचे प्रसरण असमान असल्याने लेपाला तडे जात. १९६२ च्या एका चाचणीत वायुप्रवाहाने उद्भवलेल्या कंपनांमुळे कांड्यांचे तुकडे बाहेर फेकले गेले. पुढे ही कंपने आटोक्यात आली, झीज मात्र पूर्णपणे थांबली नाही. शिवाय भट्टी बंद केल्यावरही तिच्यात उष्णता निर्माण होत राहते. ती निववण्यास आणखी हायड्रोजन खर्ची पडतो.

१९७३ मध्ये हा प्रकल्प गुंडाळण्यात आला. तेव्हा किरणोत्सर्गी झोत उघड्या हवेत सोडला जाई. आता तो अडवून शुद्ध करावा लागेल. ‘ड्रॅको’ योजनाही २०२५ मध्ये रद्द झाली. जमिनीवर सिद्ध झालेले हे इंजिन अंतराळात अद्याप एकदाही चाललेले नाही.