उपरण्याखालचा भाव

आपल्याकडच्या गुरांच्या बाजाराला जे गेले असतील त्यांनी एक देखावा पाहिला असेल. दलाल शेतकऱ्याचा हात हातात घेतो, वर उपरण्याचे टोक टाकतो, आणि आत बोटे दाबून सौदा होतो. शेजारी उभा असलेल्यालाही भाव कळत नाही. अडाणी पद्धत म्हणून आपण तिला हसतो. परंतु जिथे तारायंत्राने बाजारभाव गावोगाव पोहोचत होते, त्या अमेरिकेतच हे उपरणे केवढे मोठे झाले, आणि ते उचलण्यासाठी केलेल्या कायद्याची काय गत झाली, ती हकीकत आज सांगावयाची आहे.

शिकागो शहरातील गुरांचा मोठा बाजार २५ डिसेंबर १८६५ रोजी उघडला. पश्चिमेच्या कुरणांतून गुरे आगगाडीने तिथे येत आणि पुढे जिवंतच पूर्वेकडच्या शहरांत जात. म्हणजे खुरांचे, कातड्याचे नि आतड्यांचेही भाडे भरावे लागे. गुस्टाव्हस स्विफ्ट नावाच्या गृहस्थाने १८८० च्या सुमारास बर्फाने थंड ठेवलेल्या डब्यांतून मांसच पाठविण्याची व्यवस्था बसविली. रेल्वे कंपन्यांनी विरोध केला, तरी तो हटला नाही. त्याच्या कल्पकतेमुळे शहरवासीयांना मांस स्वस्त मिळाले. हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

पण पुढे आर्मर, स्विफ्ट, मॉरिस, विल्सन आणि कुडाही ही पाच घराणी एवढी वाढली की विकणारे लाखो आणि घेणारे पाच अशी स्थिती झाली. त्यातून गुरांचा माल हा मोठा नाजूक. धान्याचे पोते भाव पडला तर कोठारात ठेवता येते. शेकडो मैल आगगाडीने आणलेला बैल परत कसा न्यावा? बाजारात त्याच्या वैरणीचे पैसे पडतात, जागेचे भाडे पडते, आणि दिवसागणिक वजन उतरते ते वेगळेच. शेतकरी संध्याकाळपर्यंत थांबला की त्याचे नुकसान, आणि खरेदीदार थांबला की त्याचा फायदा! शिवाय बहुतेक मोठ्या बाजारांच्या मालकीत खरेदीदारांचेच भाग होते. ज्याच्या अंगणात तराजू, तोच गिऱ्हाईक.

१९१७ साली अध्यक्ष विल्सन यांनी फेडरल ट्रेड कमिशनला या धंद्याची चौकशी करण्यास सांगितले. (हे विल्सन आणि कारखानदार विल्सन वेगळे, हे सांगितलेले बरे.) कमिशनने कंपन्यांची दप्तरे तपासली. पाच घराण्यांनी खरेदीचे प्रमाण आपसांत ठरवून घेतले आहे, आणि राज्याराज्यांतील व्यापारासाठी कापल्या जाणाऱ्या मोठ्या गुरांपैकी शेकडा ८० हून अधिक त्यांच्याच हाती आहेत, असे त्यांना आढळले. १९१८ साली कमिशनने शिफारस केली की बाजार, थंड डबे आणि कोठारे सरकारने आपल्या ताब्यात घ्यावीत.

मग गिलावा सुरू झाला. वर्तमानपत्रांतून कंपन्यांच्या जाहिराती झळकू लागल्या. रशियन क्रांती ताजी होती, तेव्हा कमिशनच्या नोकरांवर बोल्शेव्हिक असल्याचा आरोप सेनेटच्या सभागृहातच झाला. अखेर फेब्रुवारी १९२० मध्ये सरकार व कंपन्या यांच्यात कोर्टामार्फत तडजोड झाली. कंपन्यांनी गुन्हा कबूल केला नाही. बाजारांतील आपले भाग व मांसाव्यतिरिक्तचा किराणा व्यापार त्यांनी सोडावयाचा ठरला. थंड डबे मात्र त्यांच्याकडेच राहिले, आणि खरी नाडी तीच होती.

पुढल्या वर्षी, १५ ऑगस्ट १९२१ रोजी, कायदाही झाला. वाचावयास तो कडक आहे: पक्षपात नको, भावाची चढउतार घडवून आणणे नको, तराजू खरा हवा. पण त्यातील एका कलमाकडे माझे लक्ष पुनःपुन्हा जाते. या धंद्यावरील देखरेख ट्रेड कमिशनकडून काढून शेतकी खात्याकडे देण्यात आली. ज्यांच्याजवळ दप्तरे होती, ज्यांना खाचाखोचा कळल्या होत्या, त्यांनाच दाराबाहेर केले. शेतकी खात्याचे मुख्य काम धंदा वाढविण्याचे, आणि मोठे धंदेवाले हेच त्याचे रोजचे पाहुणे. कोणी कोणाला लाच दिली असे मी म्हणत नाही. तशी गरजच नव्हती. अडत्यांचे दर आणि तराजू यांची शिस्त या कायद्याने पुष्कळ सुधारली, हेही खरे. लहानांवर पहारा चोख बसला.

१९२० ची तडजोड १९८१ मध्ये संपुष्टात आली. तोवर जुनी घराणी मावळली होती आणि शिकागोचा बाजारही १९७१ साली बंद झाला होता. पण १९८० नंतर नव्या कंपन्या झपाट्याने एकवटल्या. उघड्या लिलावाऐवजी गुरे आगाऊ करारांनी बांधली जाऊ लागली, म्हणजे उपरणे पुन्हा हातांवर आले. २००४ साली शेतकऱ्यांच्या बाजूने ज्यूरीने १२८ कोटी डॉलरचा निकाल दिला. न्यायाधीशांनी तो रद्द केला, आणि २००५ साली वरच्या कोर्टाने तेच कायम केले. २००६ साली शेतकी खात्याच्याच तपासनिसांनी सांगितले की देखरेख करणारी कचेरी साध्या पत्रव्यवहारालाही चौकशी म्हणून मोजत होती!

२०१० साली खात्याने नवे नियम सुचविले. साठ हजारांवर अभिप्राय आले. कंपन्यांच्या जोडीला गुरे पाळणाऱ्यांचीच सर्वांत मोठी संघटना विरोधात उभी राहिली, कारण कराराने ठरलेला भाव अनेक मोठ्या पशुपालकांनाही सोयीचा होता. काँग्रेसने नियमांना सरळ नकार दिला नाही. खर्चाच्या विधेयकात त्या कामासाठी पैसा वापरू नये असे कलम घातले, आणि पुढेही काही वर्षे घातले. नियमांचा उरलासुरला भाग डिसेंबर २०१६ मध्ये निघाला, तो ऑक्टोबर २०१७ मध्ये मागे घेतला गेला. त्याच सुमारास ती स्वतंत्र कचेरीही मोडून खात्याच्या विपणन शाखेत विलीन केली गेली.

२०२१ नंतर नव्या सरकारने हे नियम पुन्हा लिहावयास घेतले. तेव्हा कत्तलीसाठी पोसलेल्या गुरांच्या खरेदीत चार कंपन्यांचा वाटा शेकडा ८५ च्या आसपास होता.