एका रबराच्या पट्टीची दोनशे वर्षे

आमच्या वर्गात एक विद्यार्थी आहे. त्याची दृष्टी फार अधू. प्रयोगाच्या तासाला सारी मुले टेबलाभोवती गर्दी करीत आणि हा आपला मागच्या बाकावर बसून राही. एके दिवशी मी पहिला रबरबँड त्याच्याच हाती दिला. "झटकन ताण आणि ओठांना लाव," म्हणालो. "सर, गरम लागतं!" त्याने लगेच सांगितले. थोडा वेळ ताणून धरून तो सैल सोडला, तर गार लागला.

या प्रयोगाची हकीकत मोठी उद्बोधक आहे. इंग्लंडमधील केंडल गावचे जॉन गफ यांनी तो केला आणि १८०५ साली तो प्रसिद्ध झाला. बालपणीच देवीच्या रोगात गफ यांची दृष्टी गेली होती. वजन टांगलेले रबर तापवले तर लांबण्याऐवजी आखडते, हेही त्यांनीच दाखविले. पुढे १८५९ मध्ये जूल यांनी काटेकोर मोजमापे घेऊन त्याला पुष्टी दिली. अणुसिद्धांत मांडणारे जॉन डाल्टन हे याच गफ यांचे शिष्य होत.

क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लावणाऱ्या राँटगेन यांनी त्यापूर्वी, १८८० मध्ये, वजन बांधलेल्या रबराच्या पट्टीवर विद्युत्भार सोडून पाहिला. पट्टी लांबली! दोन बाजूंवरचे विरुद्ध भार परस्परांना ओढतात, त्यामुळे मधले रबर दाबले जाऊन पातळ होते. मात्र त्याचे आकारमान तेवढेच राहत असल्याने ते लांबी-रुंदीत पसरते.

या तत्त्वाला खरा बहर यायला शंभरावर वर्षे जावी लागली. २००० साली अमेरिकेतील संशोधकांनी आधीच ताणून ठेवलेला रबरासारखा पापुद्रा विजेने १०० टक्क्यांहून अधिक पसरवून दाखविला. त्यासाठी हजारो व्होल्टचा दाब लागतो, ही त्यातील मुख्य अडचण. विजेने हालणाऱ्या अशा पदार्थांना 'कृत्रिम स्नायू' म्हणतात. २००५ साली सॅन दिएगो येथे अशा तीन यांत्रिक हातांशी एका सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीने पंजा लढविला आणि तिन्ही हातांना हरविले. म्हणजे काम अजून पुष्कळ बाकी आहे.

ते कोण पुरे करील, कोणास ठाऊक! पण ज्याला दिसत नाही त्याला विज्ञान कळणार नाही, असे गफ यांच्या शिक्षकांनी मानले असते तर? आमचा तो विद्यार्थी आता पुढच्या बाकावर बसतो.