गोदीतले आर्देशीर

आपल्या कुंभार पिंपळगावाच्या नावातच एक कारागीर बसलेला आहे. तरी कारागिरांचा इतिहास म्हणून आपण दहावीपर्यंत काही वाचल्याचं मला आठवत नाही. शिवरायांचं आरमार वाचलं, कान्होजी आंग्रे वाचले. पण ती गुराबं आणि गलबतं कोणत्या हातांनी बांधली, हा प्रश्न परीक्षेला कधी आला नाही. आता शोधायला गेलं तरी हाती फार लागत नाही, कारण वाकस आणि करवत धरणाऱ्या हातांना लिहायची सवड आणि अक्षरं क्वचितच मिळाली. म्हणून ज्यांना दोन्ही मिळालं, अशा एका माणसाबद्दल या स्मरणिकेत लिहिते आहे. आपलं पाणी म्हणजे गोदावरी, तीही उन्हाळ्यात वाळूच जास्त. तेव्हा सुताराच्या पोरीसुद्धा जहाजावर लिहायला धजत नाहीत. मी तर साधी सॉफ्टवेअरवाली. गुरुजनांनी सांभाळून घ्यावं.

आर्देशीर खरशेटजी वाडिया यांचा जन्म 1808 मध्ये मुंबईत झाला. वाडिया म्हणजे जहाज बांधणारा. आपल्याकडे सुतार, कुंभार ही आडनावं झाली तसंच. या घराण्याचे मूळपुरुष लवजी नसरवानजी. ईस्ट इंडिया कंपनीने 1736 च्या सुमाराला त्यांना सुरतेहून मुंबईला आणलं. पुढे दीडशे वर्षांच्या आसपास मुंबईच्या गोदीची कारागिरी याच घरात राहिली.

गोदीचं रहस्य होतं मलबारचा साग. इंग्लंडमधली जहाजं ओकची. ओकमधल्या आम्लामुळे लाकडात ठोकलेलं लोखंड गंजतं आणि लोखंडाभोवतीचं लाकूडही खराब होतं. सागात तेल असतं, त्यामुळे लोखंड आणि लाकूड दोघंही टिकतात. आपल्या गावात बैलगाडीच्या चाकाला तापवून धाव बसवताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना लाकूड आणि लोखंडाचा संसार जमवणं किती अवघड, ते सांगायला नको. या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस' जहाजावर 1842 मध्ये इंग्रज आणि चीन यांच्यातला नानकिंगचा तह झाला. त्यांचंच 'त्रिंकोमाली' 12 ऑक्टोबर 1817 ला पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे, तिकीट काढून बघता येतं. त्या दिवशी आर्देशीर नुकते नऊ वर्षांचे झाले होते.

चौदाव्या वर्षाच्या आसपास तेही गोदीत दाखल झाले. हाताशी घराण्याची विद्या, समोर इंग्रज आरमाराची मागणी. आयुष्य आरामात गेलं असतं. पण त्यांचं मन वाफेच्या यंत्रात अडकलं. 1833 च्या सुमाराला त्यांनी विहिरीचं पाणी उपसणारं एक अश्वशक्तीचं इंजिन बनवलं, आणि 'इंडस' नावाच्या छोट्या बोटीत वाफेचं यंत्र बसवलं. पुढच्या वर्षी माझगावच्या आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले. ते बघायला खुद्द गव्हर्नर आले होते.

मला यात कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. जहाजाला इंजिन लागलं की शिडाचं शास्त्र मागे पडणार आणि लोखंड आलं की सागही मागे पडणार, हे त्यांच्या घरात उघड दिसत होतं. घराण्याच्या पोटावर येणारी विद्या ते स्वतःहून शिकायला गेले. मी कॉलेजात शिकलेल्या भाषांपैकी आज नोकरीत एकही उपयोगी नाही. चार वेळा पाटी कोरी करून बसावं लागलं, आणि प्रत्येक वेळी जिवावर आलं. माझ्यामागे तर शंभर वर्षांची परंपराही नव्हती.

ही धडपड त्या घरात त्यांच्या एकट्याची नव्हती. जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे त्यांचे तरुण नातलग 1838 मध्ये आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंडला गेले आणि चॅथमच्या गोदीत जहाजबांधणी शिकले. त्यांचा पारशी पेहराव बघायला लंडनमध्ये गर्दी जमायची. या दोघांनी आपल्या अडीच वर्षांच्या वास्तव्यावर लिहिलेलं पुस्तक 1841 मध्ये लंडनला छापलं गेलं. आर्देशीर 1839 मध्ये निघाले, ते सुएझच्या वाटेने. कालवा व्हायला अजून तीस वर्षं होती; म्हणून सुएझपर्यंत आगबोट, तिथून इजिप्तची जमीन ओलांडायची आणि भूमध्य समुद्रावर पुन्हा बोट. या प्रवासाची आणि इंग्लंडमधल्या एका वर्षाची त्यांची रोजनिशीही तिथेच प्रसिद्ध झाली. एकाच गोदीतल्या तीन माणसांनी दोन पुस्तकं लिहिली, आणि दोन्ही इंग्रजीत, म्हणजे ज्यांच्याकडून शिकायचं त्यांच्याच भाषेत. आपल्या लोकांनी हे वाचावं म्हणून ती मराठीत किंवा गुजरातीत असती तर, असं मला वाटल्याशिवाय राहत नाही.

1841 हे त्यांच्या आयुष्यातलं मोठं वर्ष. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, हा मान मिळालेले पहिले भारतीय. रामानुजन यांना तो मिळाला 1918 मध्ये, 77 वर्षांनी. त्याच वर्षी मुंबईच्या वाफेच्या कारखान्याचे मुख्य अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्यांच्या हाताखाली इंग्रज कामगार होते. नेटिव माणूस कितीही हुशार असला तरी त्याला असा कारखाना आणि गोरे कामगार सांभाळता येतील का, अशी शंका मुंबईच्या एका इंग्रजी वर्तमानपत्राने छापून घेतली. आर्देशीरांनी ती जागा 1857 पर्यंत सांभाळली.

मधल्या काळात ते अमेरिकेलाही जाऊन आले आणि तिथून लाकूड कापायची यंत्रं मुंबईला आणली. ज्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या माणसं करवत ओढत होती, तिथलाच माणूस ती यंत्रं घेऊन आला. जुन्या सुतारांना तेव्हा काय वाटलं असेल? त्यांच्यापैकी कुणी रोजनिशी लिहिली नाही. गोदीत राबलेल्या शेकडो सुतारांची, लोहारांची नावं आज कुणाला माहीत नाहीत. वाडियांची नावं उरली, कारण ते प्रमुख होते आणि लिहिते होते.

1851 मध्ये आर्देशीरांनी एक आगबोट पाण्यात उतरवली. तिच्या यंत्राचे बहुतेक भाग त्यांच्या घरच्या ओतशाळेतच तयार झाले होते. एवढं नवं यंत्र, पण नाव ठेवलं 'लवजी फॅमिली'. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी सुरतेहून आलेल्या त्या सुताराचं.

निवृत्तीनंतर काही काळाने ते इंग्लंडला स्थायिक झाले आणि लंडनजवळ रिचमंडला 16 नोव्हेंबर 1877 रोजी वारले. नंतर त्यांचं नाव बरंचसं विसरलं गेलं. पहिले भारतीय फेलो रामानुजनच, असं अजूनही अनेकजण सांगतात. भारताच्या टपाल खात्याने 27 मे 1969 ला, फेलो झाल्याच्या तारखेलाच, त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढलं. आपल्या वर्गात तिकिटं जमवणारे दोघे-तिघे होते. कुणाच्या जुन्या वहीत ते सापडलं, तर मेळाव्याला येताना घेऊन या.