मनोऱ्यावरचा माणूस

मागच्या मार्चमध्ये सुट्टी जोडून जळगावला घरी गेलो होतो. मित्राची जीप होती, वनखात्याची परवानगी काढून ठेवली होती. म्हटलं, उन्हात घरी बसून तरी काय करणार? चला सातपुड्यात!

भुसावळ, सावदा, खिरोदा. दोन्ही बाजूंना केळीच केळी, इतकी हिरवीगार की उन्हाळा आहे हेच विसरायला होतं. खिरोदा मागे पडलं आणि घाट लागला की रंग एकदम बदलतो. साग, सालई, अंजन. झाडांवरची निम्मी पानं जमिनीवर, आणि तीही पापडासारखी वाळलेली. पालच्या पुढे डांबर संपलं. मग मुरूम, नाल्यातले गोटे आणि पहिला गिअर. तासाभराने टेकडीवरचा लोखंडी मनोरा दिसला.

वर एक पावरा गृहस्थ बसले होते. पन्नाशीच्या पुढचे, हातात वॉकीटॉकी. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आपल्याकडचा वणव्याचा हंगाम. यांची नेमणूक तेवढ्यापुरतीच, फायर वॉचर म्हणून.

"दादा, धूर दिसला तर जागा कशी सांगता?"

"नाल्याचं नाव सांगायचं. बिननावाचा नाला नाही इथे."

अमेरिकेतल्या मनोऱ्यांवर यासाठी गोल नकाशा आणि नेम धरायची पट्टी असते. तिथे 1910 साली दोन दिवसांत सुमारे 30 लाख एकर जंगल जळालं, त्यानंतर डोंगराडोंगरावर असे मनोरे उभे राहिले.

आपली गोष्ट मात्र त्याआधीची, आणि तीही याच सातपुड्यातली. रेल्वेला स्लीपर हवे होते, त्यासाठी साग हवा होता. 1864 मध्ये ब्रँडिस हा जर्मन माणूस हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. त्याच दशकात कर्नल पिअर्सनने होशंगाबादकडच्या बोरीच्या जंगलात आगीपासून संरक्षणाचा पहिला मोठा प्रयोग केला. पट्टे साफ करून जाळरेषा काढायच्या आणि पहारा ठेवायचा. तो यशस्वी झाला आणि देशभर पसरला.

पण डोंगरातल्या माणसाला आग म्हणजे शेतीचं अवजार. राब भाजायला आग, कोवळ्या गवतासाठी आग, मोहाखालचा पालापाचोळा साफ करायला आग. 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलात आग लावणं हा गुन्हा ठरवला. एका पिढीचं रोजचं काम दुसऱ्या पिढीत गुन्हा झालं. गंमत बघा, 1896 मध्ये स्लेड नावाच्या वनाधिकाऱ्यानेच लिहिलं की ब्रह्मदेशात आगीपासून जरा जास्तच संरक्षण चाललंय, त्याने सागाची नवी रोपं येईनाशी झाली आहेत. म्हणजे साहेबाला जे कळायला तीस वर्षं लागली, त्यातलं थोडं तरी पाड्यावर विचारून कळलं असतं.

आज लागू असलेला 1927 चा कायदा मी परत आल्यावर वाचला. कलम 26 प्रमाणे आग लावणं गुन्हा. कलम 79 प्रमाणे, जंगलात ज्यांना हक्क आहेत त्यांनी आगीची खबर द्यायची आणि ती विझवायलाही धावायचं. आणि कुणी मुद्दाम किंवा निष्काळजीपणे आग लावली, तर सरकार त्या भागातले चराईचे आणि वनोपजाचे सगळ्यांचे हक्क काही काळ थांबवू शकतं. म्हणजे संशयित तोच, अग्निशामक दल तोच, आणि दंड भरणाराही तोच!

मी संगणकवाला, त्यामुळे साहजिकच उपग्रहाचा विषय काढला. भारतीय वन सर्वेक्षण 2004 पासून उपग्रहावरून आगींवर लक्ष ठेवतंय. आता मोबाईलवर इशारेही येतात. फार उपयोगाची गोष्ट आहे, शंकाच नाही. पण ज्या उपग्रहांवरचा सेन्सर 375 मीटरचे ठिपके देतो, ते इथून जातात दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास. आमच्या भाषेत याला पोलिंग म्हणतात. अधूनमधून विचारायचं, "काही झालं का?" मधल्या वेळेचं काय?

मधल्या वेळेत काय होतं ते समोरच दिसलं. साडेतीनला दक्षिणेकडच्या उतारावर धुराची बारीक रेघ उठली. मी उडालोच! दादा हलले नाहीत.

"मोहाखालचं आहे. बाया आहेत तिथे, विझवतील."

पहाटे पडलेली फुलं वेचायची तर खालची पानं साफ हवीत, म्हणून झाडाखाली जाळतात. धूर पांढरा, जागच्या जागी. पसरायला लागला की रंग आणि रुंदी बदलते, हे त्यांनी मला बोटाने दाखवून समजावलं. बोलताना नजर मात्र तिथेच. अर्ध्या तासाने धूर विरला, तेव्हा कुठे त्यांनी पाण्याची बाटली उघडली.

"आणि पसरला असता तर?"

"आमच्याच पाड्याच्या बाया. आमचीच गुरं चरतात तिथे."

यापुढे मी काही विचारलं नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलावरचे हक्क कागदावर मान्य केले, पण कागद आणि मनोरा यांच्यात अजून बराच चढ आहे. जून संपला की नेमणूकही संपते. नाल्यांची नावं डोक्यात राहतात, ती कुठल्या सर्व्हरवर नाहीत.

असो. मार्च-एप्रिलमध्ये तिकडे गेलात तर काडेपेटी गाडीतच ठेवा, आणि मनोऱ्यावर कुणी असलं तर थंड पाणी घेऊन जा. चढ मोठा आहे.