मान मागणारी बाई

ओटिस रेडिंगने स्वतः लिहिलेलं ‘रिस्पेक्ट’ १९६५ साली गायलं. त्यात दिवसभर राबून घरी येणारा पुरुष बाईकडे मान मागतो. कमावून आणतोय, तर एवढं तरी मिळावं, असा त्याचा हिशेब. गाणं चाललंही.

१४ फेब्रुवारी १९६७. न्यूयॉर्कमध्ये चोवीस वर्षांच्या अरीथा फ्रँकलिनने तेच गाणं रेकॉर्ड केलं. डेट्रॉइटच्या एका बाप्टिस्ट धर्मोपदेशकाची ही मुलगी चर्चमध्ये गातच मोठी झालेली. गाण्यात बोलणारी आता बाई होती आणि ती विनवत नव्हती, बजावत होती. ‘रिस्पेक्ट’ या शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून ठासून म्हणणं ही तिच्या गाण्यातली भर. ओटिसच्या गाण्यात ते नाही. साथीला तिच्या बहिणी, अर्मा आणि कॅरोलिन. चर्चमध्ये उपदेशकाला जमलेली माणसं हुंकार देतात, तसा त्यांचा आवाज तिला दुजोरा देत राहतो.

जूनमध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. कृष्णवर्णीयांच्या आणि स्त्रियांच्या चळवळींनी ते आपलं मानलं. त्याच डिसेंबरात ओटिस विमान अपघातात गेला, वय फक्त सव्वीस.

एक हिशेब मात्र राहिलाच. अमेरिकेत रेडिओ केंद्रावर गाणं वाजलं की पैसे मिळतात ते लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला, गाणाऱ्याला नाही. घरोघरी मान मागायला शिकवणाऱ्या त्या आवाजाला तिथल्या रेडिओने दाद भरपूर दिली, दाम दिला नाही.