फलाट नसलेले गाव

आमच्या पारोळ्याला 1727 सालचा किल्ला आहे, पण फलाट नाही. 1900 च्या सुमारास खानदेशात दोन नवे लोहमार्ग आले: सुरतेकडून ताप्ती व्हॅली रेल्वेचा अमळनेरला, आणि चाळीसगावहून धुळ्याला. पारोळा मधेच राहिला. आमचा उतारू आधी बैलगाडीने, पुढे मोटारीने अमळनेर गाठू लागला आणि रेल्वेच्या हिशेबात अमळनेरचाच ठरला.

लांब पल्ल्याची गाडी कमी करण्याची गोष्ट निघाली की मला हा हिशेब आठवतो. त्यात स्टेशने दिसतात. स्टेशनांमागची गावे दिसत नाहीत. पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी शेंदुर्णी-पहूरची माणसे पाचोऱ्याला, मुंबईच्या मोठ्या मार्गापाशी, आणून सोडी. मार्च 2020 मध्ये साथीपायी देशभरच्या उतारूगाड्या थांबल्या. मोठ्या गाड्या पुढे सुरू झाल्या. ही मात्र त्या अरुंद रुळांवर पुन्हा धावली नाही. पाचोऱ्याची मुंबई होती तेथेच राहिली. शेंदुर्णीची लांब गेली.

म्हणून, वाचकहो, गाडी तोट्याची ठरवण्यापूर्वी एवढेच विचारावे: तिकीट कोठे काढले ते कळले, पण तो माणूस घरून किती कोस आला होता?