माशांच्या गावी मुक्काम

मासे मिळवण्याचे मध्यमवर्गीय मार्ग दोन. एक, पिशवी घेऊन बाजारात जायचं, पापलेटाचे कल्ले उघडून जाणकार चेहरा करायचा आणि कोळीण सांगेल त्या भावाला शरण जायचं. दुसरा, मालवणी शेजाऱ्यांशी संबंध चांगले ठेवायचे. जगात तिसराही एक मार्ग आहे. घराएवढी बोट बांधायची. तिच्यात पलंग, स्वयंपाकघर, न्हाणीघर, शीतकपाट वगैरे सगळं बसवायचं. मग किनारा दिसेनासा होईपर्यंत समुद्रात जायचं, एका माशाशी चार तास झटापट करायची आणि तो हाताशी आला की बहुतेक वेळा सोडून द्यायचा. अमेरिकेत याला खेळ म्हणतात. इंग्रजीत या बोटीचं नावच ‘स्पोर्टफिशर’ आहे.

अशा बोटीत झोपायची सोय कशाला, ही माझी पहिली शंका. माणूस मासे धरायला जातो की चेंज म्हणून हवा खायला? पण त्यामागे भूगोल आहे. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यासमोर समुद्राचा तळ मैलोगणती उथळ राहतो आणि मग एकदम कड्यावरून घसरल्यासारखा खोल जातो. त्या कड्याला पाण्याखालच्या दऱ्या आहेत. त्यांतली हडसन दरी तर न्यूयॉर्क बंदरापासून शंभर मैलांच्या आसपास. बडे मासे अशा ठिकाणी वस्तीला असतात. आता मुंबईहून निघून नाशिकला वांगी घ्यायची आणि संध्याकाळच्या आत घरी परतायचं म्हटलं तर वांग्यांत काही गोडी राहील का? तेव्हा तिथेच मुक्काम करायचा. मुक्काम आला की गादी आली, गादी आली की चहा आला, आणि चहा आला की संसार आलाच.

हा खेळ सुरू झाला तेव्हा मात्र गादी नव्हती. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर कॅटलिना नावाचं बेट आहे. तिथे १८९८ साली चार्ल्स फ्रेडरिक होल्डर या निसर्गलेखकाने नुसत्या काठीने आणि रिळाने १८३ पौंडांचा ट्यूना ओढून काढला. ट्यूना म्हणजे आपल्या कुप्याचा थोरला चुलतभाऊ. १८३ पौंड म्हणजे त्र्याऐंशी किलो. आमच्या सोसायटीच्या चेअरमनांपेक्षा थोडा जास्तच. एवढा मासा हाती लागल्यावर आपण मसाला वाटायला घेतला असता. होल्डरसाहेबांनी त्याच वर्षी क्लब काढला. दोरी किती बारीक असावी, काठी कशी असावी, माशाला निसटायची संधी कितपत असावी, याचे नियम केले. जाड दोऱ्यांनी भरमसाठ मासे ओढून टाकून देण्याची तिथे चाल होती, ती त्यांना पाहवेना. म्हणजे हेतू चांगलाच होता. परंतु चांगल्या हेतूला क्लब जोडला की त्याला पुढे काय काय फुटेल ते सांगता येत नाही.

त्याला फुटलेली सर्वांत प्रसिद्ध फांदी म्हणजे ‘पिलार’.

१९३४ साली अर्नेस्ट हेमिंग्वे आफ्रिकेत सिंहांची शिकार करून परतला आणि ब्रुकलिनच्या व्हीलर कारखान्यात जाऊन ३८ फुटी बोटीची ऑर्डर देऊन बसला. किंमत ७,४९५ डॉलर. मंदीचे दिवस. एवढी रक्कम हाती नव्हती म्हणून ‘एस्क्वायर’ मासिकाच्या संपादकाकडून न लिहिलेल्या लेखांपोटी उचल घेतली. मराठी लेखकांनी इथे क्षणभर थांबून सुस्कारा टाकायला हरकत नाही. आमच्याकडे लिहिलेल्या लेखाचं मानधन येईपर्यंत संपादक बदललेला असतो.

बोट कारखान्याच्या कॅटलॉगातलीच, पण हेमिंग्वेने त्यात केलेल्या दुरुस्त्या मोठ्या अभ्यास करण्याजोग्या आहेत. पाठीमागचा कठडा त्याने फूटभर कापून खाली घेतला आणि त्यावर लाकडी रूळ बसवून घेतला. कारण उघड आहे: तीन-चारशे पौंडांचा मासा वर उचलताना कंबर जाते, रुळावरून तो घरंगळत येतो. इंजिनं दोन घेतली. एक पंचाहत्तर अश्वशक्तीचं, ये-जा करायला. दुसरं छोटं, गळ टाकून सावकाश फिरायला आणि मोठं बंद पडलं तर घरी यायला. जिवंत आमिष ठेवायला पाण्याची टाकी. पेट्रोलच्या जादा टाक्या. केबिनमध्ये सहा जणांची झोपायची सोय, शिवाय बाहेर आणखी दोघांची. चाळीतल्या आमच्या दोन खोल्यांत पाहुणे आले की हाच आकडा होई. फक्त आम्हाला रूळ नव्हता.

दोन्ही बाजूंना लांबच लांब काठ्या असतात, त्यांना आउटरिगर म्हणतात. आपल्या कोकणातल्या होडीला तोल सांभाळायला उलांडी असते तिचा आणि यांचा संबंध नाही. या काठ्यांचं काम एवढंच की गळाच्या दोऱ्या एकमेकींपासून दूर ठेवायच्या आणि आमिष बोटीच्या फेसाबाहेर नाचत न्यायचं. मधोमध असते ती लढाईची खुर्ची. ही स्वतःभोवती फिरते, हिला पाय रोवायला पाट असतो आणि काठीचा बुंधा बसवायला खोबण. मासा जिकडे पळेल तिकडे खलाशी मागून खुर्ची फिरवतो. लढाई बसून करायची ही कल्पना मला मनापासून पटली. आमच्या कचेरीतल्या सगळ्या लढाया अशाच फिरत्या खुर्चीत बसून होत असत.

‘पिलार’ हे हेमिंग्वेच्या दुसऱ्या बायकोचं, पॉलीनचं, लाडाचं नाव. पॉलीनशी १९४० साली घटस्फोट झाला, तिसरी आली, मग चौथी आली. बोटीचं नाव तेच राहिलं. पुढच्या दोघींनी हे चालवून कसं घेतलं याचं मला फार कुतूहल आहे. आमच्या घरी स्कूटरला नाव द्यायचं म्हटलं तरी आधी खुलासे मागितले जातील.

महायुद्धाच्या काळात, १९४२-४३ मध्ये, याच बोटीतून हेमिंग्वे क्युबाच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुड्या शोधत हिंडला. बरोबर मशीनगनी आणि हातबाँब. बेत असा की आपण मासे धरणारे साधे लोक आहोत असं दाखवायचं, आणि पाणबुडी चौकशीला वर आली की तिच्यात बाँब टाकायचा. एकही पाणबुडी बुडाली नाही. तिसरी पत्नी मार्था गेलहॉर्न स्वतः नावाजलेली युद्धवार्ताहर. तिचं मत असं की, रेशनच्या दिवसांत मित्रांसह मासेमारीला पेट्रोल मिळवण्याची ही युक्ती आहे. जगातल्या समस्त बायकांना नवऱ्याच्या देशकार्याबद्दल एकच शंका कशी येते, कोण जाणे.

पण या बोटीवर घडलेली एक गोष्ट मला हसून सोडून देता येत नाही. १९३५ साली बहामातल्या बिमिनी बेटाजवळ हेमिंग्वेच्या चित्रकार मित्राच्या, हेन्री स्ट्रेटरच्या, गळाला प्रचंड मार्लिन लागला. मासा जवळ आला तसे शार्क आले. हेमिंग्वेने त्यांच्यावर मशीनगन चालवली. रक्ताच्या वासाने आणखी शार्क जमले. शेवटी वर आला तो अर्धा मासा, आणि त्या अर्ध्याचंच वजन पाचशे पौंड भरलं. त्यावरून दोघांची मैत्री आंबली. पुढच्या वर्षी हेमिंग्वेने ‘एस्क्वायर’मधल्या लेखात एका क्यूबन म्हाताऱ्याची हकिकत लिहिली. एकट्याने धरलेला त्याचा मासाही शार्कांनी खाल्लेला होता. तीच हकिकत १९५२ साली कादंबरी झाली आणि पु. ल. देशपांड्यांनी ‘एका कोळियाने’ म्हणून ती मराठीत आणली.

त्या म्हाताऱ्याच्या होडीत काय सोयी होत्या? एक ठिगळांचं शीड, वल्ही, पाण्याची बाटली आणि दोऱ्या. खुर्ची त्याचे स्वतःचेच खांदे. लिहिणाऱ्याजवळ मात्र सहा गाद्या आणि दोन इंजिनं. तरीही मासा जाणं म्हणजे काय हे त्याला अर्ध्या मार्लिनाने शिकवलं असावं असं मला वाटतं.

नंतरचा इतिहास भराभर सांगतो, कारण त्यात माणसं कमी आणि सामान जास्त. फ्लोरिडातल्या रिबोविच कुटुंबाने १९४७ साली मोटारविक्रेत्या गिऱ्हाइकासाठी ‘मिस शेव्ही दुसरी’ ही बोट बांधली. खास या खेळासाठीच आखलेली पहिली आधुनिक बोट म्हणून जाणकार तिचं नाव घेतात. पुढे त्यांनीच बोटीवर उंच मनोरा चढवला, ट्यूनाचे थवे लांबून दिसावेत म्हणून. १९६० साली विलिस स्लेन या मोजे बनवणाऱ्या गृहस्थाने फायबरग्लासची ४१ फुटी बोट काढली, तीही समुद्रापासून दीडशे मैलांहून अधिक आत, हाय पॉइंट या फर्निचरच्या गावात! मोजेवाल्याने आपल्या धंद्याला स्मरून बोटीचं नाव ठेवलं ‘निट विट्स’, म्हणजे विणकामी शहाणे. तिच्यापासून हॅटरस बोटी सुरू झाल्या. आता ऐंशी-नव्वद फुटी बोटी निघतात. त्यांत वातानुकूलित शयनगृहं, बर्फ पाडणारी यंत्रं, कपडे धुण्याचं यंत्र, मासा कुठे आहे ते पडद्यावर दाखवणारी सोनार आणि बोट डुलू नये म्हणून पोटात गरगर फिरणारा जायरोस्कोप. समुद्रावर जायचं आणि समुद्र जाणवू नये याची एवढी तजवीज!

शार्कांनी मात्र काही नवीन यंत्र घेतलेलं नाही. २०२३ च्या जूनमध्ये नॉर्थ कॅरोलिनात ‘बिग रॉक’ या मार्लिन स्पर्धेत ‘सेन्सेशन’ नावाच्या बोटीने सहा तास झुंजून ६१९.४ पौंडांचा मार्लिन आणला. वजन सगळ्यांत जास्त, पण पंचांनी पाहिलं तर माशाला शार्कने चावा घेतलेला. नियम असा की चावलेला मासा बाद. सुमारे ३५ लाख डॉलरचं बक्षीस गेलं. म्हाताऱ्याला निदान सांगाडा तरी घरी नेता आला होता आणि त्याने कुणाकडे अपील केलं नव्हतं.

‘पिलार’वर खलाशी आणि आचारी असलेला ग्रेगोरिओ फुएन्तेस कादंबरीतल्याच कोहीमार गावात राहून २००२ साली वारला, एकशे चार वर्षांचा होऊन. बोट हवानाजवळ हेमिंग्वेच्या घराच्या आवारात आहे. तिथलं जुनं टेनिसचं मैदान होतं, त्यावर छप्पर घालून तिला ठेवलं आहे. लोक रांगेने येतात, भोवताली फिरतात, खुर्ची पाहतात, रूळ पाहतात. आत झोपायची सोय अजून आहे, पण कुणाला पाऊल ठेवू देत नाहीत.